हार्लनचा कातरलेला कॅचर

हार्लन स्टॉफर तसा गरीब स्वभावाचा. उभा जन्म त्याने अमेरिकेतल्या लँकेस्टरकरांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्यात घालवला, पण कुणाला नाक मुरडून दाखवलं नाही. मात्र बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा विषय निघाला, की या साधूचा दुर्वास व्हायचा.

शंभरेक वर्षांपूर्वी खेळाडूंची ही चित्रं सिगारेटच्या पाकिटातून यायची. बाप सिगारेटी ओढायचे, पोरं कार्डं पळवायची, खिशात कोंबायची, भिंतीवर खिळ्याने ठोकायची. त्यामुळे झिजलेला कोपरा, सुरकुती, भोक, हार्लनला सगळं माफ. एक पाप सोडून. कडा कातरून कार्डाला तरणं करणाऱ्या लबाडाच्या मेळाव्यातल्या टेबलाशी पुन्हा कुणी उभं राहत नसे, आणि त्यात हार्लन सगळ्यात पुढे.

गावच्या जुन्या संघातला एक कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा गडी, तेवढा त्याच्या कार्डांत नव्हता. शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलात कार्डांचा मेळावा, आणि शुक्रवारी टपालाने कॅचर दारात! हार्लनने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि गाणं गुणगुणत अंघोळीला गेला.

त्याची बायको अर्डिस गोधड्या शिवते. वाकडी कड दिसली की तिचे हात शिवशिवतात. हार्लन डोकं पुसत आला तेव्हा ती पट्टी आणि कापड कापायचं पातं आवरत होती.

"बिचाऱ्याच्या नुसत्या दशा लोंबत होत्या रे! आता बघ कसा नवरदेव दिसतोय."

हार्लनने बघितलं. नळात हवा अडकावी तसा त्याच्या गळ्यातून आवाज आला. पण तिचा फुललेला चेहरा पाहून तो एवढंच म्हणाला, "छान."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कॅचर मांडावा तर क्लेटन झूक बघणार, न मांडावा तर अर्डिस विचारणार. शेवटी बायकोला भिऊन मांडला.

क्लेटन हा त्याचा जुना मित्र, म्हणजे कार्डांच्या बाबतीत वैरीच. भिंग घेऊन तो कॅचरवर वाकला आणि हॉलभर ऐकू जाईल असा ओरडला, "कुठल्या गाढवाने कातरलं हे?"

शेजारी उभ्या अर्डिसचा चेहरा पांढरा पडला.

"मी," हार्लन म्हणाला.

क्लेटनने भिंग खाली घेतलं. "तू? हार्लन, तू?"

"हो, मीच. काय म्हणणं आहे?"

"खोटं बोलतोय मेला!" अर्डिस पुढे झाली. "याला पाव सरळ कापता येत नाही, हा कार्ड काय कापणार! मी कापलंय. बोल, क्लेटन, काय बोलायचं ते मला बोल."

क्लेटनने पुन्हा भिंग लावलं, चारही कडा न्याहाळल्या. "कापलंय मात्र झकास हं, वहिनी," तो पुटपुटला, आणि सगळा हॉल हसला.

परतताना अर्डिस म्हणाली, "खरं सांग, किती बिघडवलं मी?"

"समज, तुझ्या नव्या गोधडीने मी गाडीचं तेल पुसलं."

"अगं बाई!" तिने तोंडावर हात ठेवला. "मग शुक्रवारीच ओरडला का नाहीस?"

"ओरडणार होतो. पण तू इतकी खूश होतीस, की म्हटलं, सोमवारी ओरडू."

"मग आता सोमवारी?"

"बघू," हार्लन म्हणाला. "जेवायला काय करतेस त्यावर आहे."