चिंचेला टेकवलेली सायकल

आमच्या अण्णाला तोंडानं नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून असाच. दारावर कुणी काही विकायला आलं की मला पुढं करायचा आणि आपण आत पसार. देवानं दोघांच्या वाट्याची जीभ मला एकटीलाच दिली असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नाही. अण्णाचं नाव प्रतापराव. नाव केवढं भारदस्त, आणि माणूस असा की भाजीवालीनं किडकी वांगी पिशवीत टाकली तरी तिलाच थँक्यू म्हणून घरी येणार. मी राजलक्ष्मी, त्याची धाकटी बहीण. त्याची वांगी परत करायला आयुष्यभर मीच जात आले.

आमचं घराणं बेंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या, ते आमच्यापैकी कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पडलं की कन्नड. अण्णाचा सगळा जन्म इथल्याच शिवाजीनगरात गेला. एका कारखान्यात लेथवर होता, कायम दुसरी पाळी. आणि छंद एकच, जुन्या सायकली.

त्या छंदाचा सण वर्षातून एकदा, जानेवारीतल्या एका रविवारी. टायरच्या दुकानांच्या गल्लीमागं एक मैदान आहे, मधोमध चिंचेचं मोठं झाड. तिथं जुन्या सायकलींची संते भरते. संते म्हणजे बाजार, पण ह्या बाजारात पैसा चालत नाही. वस्तूला वस्तू. कुणी मडगार्ड देऊन घंटी नेतो, कुणी सीट देऊन चाक नेतो. नागराज म्हणून एक सायकलदुकानवाला आहे, तो हे सगळं चालवतो. त्याच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत तो अजून तशीच पाळतो.

पद्धत अशी. सायकल स्टँडवर उभी असली तर ती नुसती बघायची. चिंचेला टेकवली असली तर मालक द्यायला तयार आहे. ज्याला ती हवी, त्यानं आपली वस्तू हँडलला अडकवायची आणि बाजूला व्हायचं. बोलायचं नाही. मालकाला पटलं नाही तर तो वस्तू काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवतो. पटलं तर काढत नाही. शेवटी नागराज घंटा वाजवतो, त्या वेळी हँडलला जे असेल त्यावर सौदा झाला. ह्यात कुणी कुणाला नाही म्हणत नाही, त्यामुळं कुणाचा अपमान नाही. आमच्या अण्णासाठीच जणू हा नियम काढला होता. एरवी खाली मान घालून चालणारा माणूस, संतेत छाती काढून फिरायचा.

काय दिवस होते ते! मी आणि संध्यावैनी, अण्णाची बायको, झाडाखाली सतरंजी टाकून बसायचो. शेंगदाणे खात खात कोण काय अडकवतोय ते बघायचो. एकदा एका गृहस्थानं फक्कड डायनॅमो अडकवला आणि त्याच्या बायकोनं मागून येऊन तो गपचूप काढून पिशवीत टाकला. वैनी हसून हसून सतरंजीवर आडव्या झाल्या होत्या. तशा त्या शांत, पण हसायला लागल्या की आवरायच्या नाहीत. मला त्यांची आठवण यायला लागली की आधी तो हसण्याचा आवाजच येतो.

वैनींची स्वतःची सायकल होती. हिरवी, लेडीज, अण्णानं ह्याच संतेत मिळवलेली. कंटोन्मेंटच्या बाजूला एका शाळेत वैनी शिवण शिकवायच्या, तिथं त्या सायकलीवरून जायच्या. अण्णाची दुसरी पाळी, म्हणून सकाळचा स्वयंपाक त्याचा. हो, अण्णाचा. गल्लीतल्या बायकांनी सुरुवातीला नाकं मुरडली, मग त्याच्या चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा, वास आला आणि वाटी घेऊन यायला लागल्या. चपात्या, भाजी, चित्रान्न असा डबा भरून तो कापडी पिशवीत घालायचा आणि स्वतः बाहेर येऊन डाव्या हँडलला अडकवायचा. वैनी पायडलवर पाय ठेवायच्या तेव्हा एवढंच म्हणायचा, "रिकामा आण." म्हणजे सगळं खा, टाकू नकोस. वैनी घंटी वाजवायच्या आणि निघायच्या. बायकोशी प्रेमानं बोलायचं म्हणजे काय, ते आमच्या अण्णाला एवढंच जमायचं.

एवढी वर्षं पिशवीचा पट्टा घासून घासून मुठीच्या अलीकडं निकल उडून गेलं. तेवढीच बोटभर जागा काळपट. बाकी सगळी सायकल अण्णा चकचकीत ठेवायचा. मी कितीदा म्हटलं, तेवढं निकल मारून घे की. तो हूं म्हणायचा आणि विषय संपायचा.

वैनी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. आजार मोठा नव्हता, पण वेळच आली. अण्णानं स्वयंपाक बंद केला. स्वतःपुरतं काय करायचं, म्हणाला. तेव्हापासून मी गल्ली ओलांडून त्याचं जेवण नेऊन द्यायची. खायचा, पण कशाला चांगलं म्हणायचा नाही, वाईटही म्हणायचा नाही. मीठ विसरलेलं वरणसुद्धा एकदा मुकाट्यानं खाल्लं, मला घरी जाऊन चव घेतल्यावर कळलं. मला रडूच आलं. वैनींच्या हातून असं झालं असतं तर वर्षभर चिडवलं असतं त्यानं.

मागच्या वर्षी घरमालकानं घर पाडायला काढलं. अण्णाचा मुलगा रणवीर हेब्बाळला फ्लॅटमध्ये राहतो, त्यानं बापाला बोलावलं. मुलगा गुणाचा आहे, उगाच नावं कशाला ठेवू. पण त्याच्या बिल्डिंगमध्ये जुनं सामान खाली ठेवू देत नाहीत आणि घरात खोल्या दोन. अण्णानं बाकी सगळ्या सायकली हळूहळू लोकांना देऊन टाकल्या. राहिली वैनींची. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत घर सोडायचं होतं. अण्णा मला म्हणाला, "चिंचेला टेकवतो, राजी. पण चालवणाऱ्यालाच देणार." का ते मला कळलं. त्याला ती भिंतीवर टांगलेली बघायची नव्हती, आणि भंगारात तर नव्हतीच.

संतेच्या दिवशी गर्दी झाली होती. हल्ली महादेवपुऱ्याकडची कॉम्प्युटरवाली पोरंही येतात, फोटो काढतात. अण्णानं सायकल पुसून आणली. स्टँडवर लावली, परत काढली, परत लावली. मी म्हटलं, टेकवायचीय तर टेकव एकदाची. तेव्हा कुठं त्यानं ती चिंचेला टेकवली आणि माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसला. वैनींच्या जागेवर बसला नाही, मध्ये जागा सोडून बसला.

पहिला आला तो एक कॅफेवाला. त्याच्या कॅफेच्या भिंतीवर जुन्या सायकली लटकवलेल्या आहेत, लोक कॉफी पिता पिता वर बघतात म्हणे. त्यानं हँडलला जे अडकवलं ते बघून मी सतरंजीवरून अर्धी उठलेच. पितळी दिवा होता, त्याच कंपनीचा, त्याच वर्षातला. वैनींच्या सायकलीचा मूळ दिवा चोरीला गेला होता, आणि अण्णा कित्येक संते तसलाच दिवा शोधत फिरला होता. दिवा सापडला कधी, तर सायकल द्यायची वेळ आली तेव्हा. मेल्या नशिबाला काही लाज आहे का?

अण्णा उठला. दिवा हातात घेतला, काच अंगठ्यानं पुसली, उलटासुलटा करून बघितला. मग वाकून बुंध्याशी ठेवला.

कॅफेवाला माझ्याकडं आला आणि अण्णाला समजावा म्हणून सांगायला लागला. पाऊस नाही, ऊन नाही, सायकल सुखात राहील, तुम्ही कधीही येऊन बघा. मी म्हटलं, वरच्या खुंटीवर टांगून ठेवायला ती काय जुना कोट आहे का? पण माणूस वाईट नव्हता. दुसरं कुणी घेतलं नाही तर दिवा इथंच आहे, म्हणाला. आणि खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. दोघातिघांनी घंट्या, चेनकव्हर अडकवून बघितली, अण्णानं सगळी काढून ठेवली. त्यांच्यातला कुणीच सायकलीवर बसणारा नव्हता. ऊन चढलं. नागराज दोनदा येऊन बघून गेला. प्रतापण्णा काय करणार, म्हणून मला खुणेनं विचारलं.

तेवढ्यात एक मुलगी सायकलीपाशी आली. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात कापडी पिशवी, काखेत हेल्मेट. तिला नियम-बियम काही माहीत नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पण तिनं फोटो काढला नाही. ब्रेक दाबून बघितला. पुढचं चाक उचलून फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. सीटवरची चिंचेची पानं ओढणीनं झटकली. मग तिचा फोन वाजला. हात दोनच, त्यामुळं तिनं पिशवी डाव्या हँडलला अडकवली, बॅगेतून फोन काढला आणि गोंगाटापासून लांब, पार कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन बोलत उभी राहिली.

पिशवी सरकली आणि पट्टा त्या काळपट जागेवर जाऊन बसला.

मी अण्णाकडं बघितलं. तो सायकलीकडं बघत होता. आणि नागराजनं घंटा वाजवली.

मी उठले, अरे ती पोर विसरली असेल, काढते म्हणून. अण्णानं माझं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाला. एवढ्या वर्षांत संतेत त्याला बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मुलगी पिशवी घ्यायला आली तर भोवती माणसं गोळा झालेली. नागराज कन्नडमध्ये अभिनंदन करतोय आणि ती हिंदीत माफी मागतेय. तिच्या हिंदीवरूनच मी ओळखलं, ही आपलीच. मराठीत विचारलं तर नागपूरची निघाली, नाव मुग्धा, महादेवपुऱ्यात नोकरी. ऑफिस जवळ पण ट्रॅफिकमध्ये तास जातो, म्हणून सायकल बघायला आली होती. देवाणघेवाणीला आपल्याकडं काहीच नाही, हे इथं आल्यावर कळलं, म्हणून नुसती बघत होती. मी तिला पद्धत समजावून सांगितली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"काका, सॉरी, मी नुसती अडकवली हो," ती अण्णाला म्हणाली. "ह्यात माझा डबा आहे फक्त. आणि तोही रिकामा. सकाळीच पोहे खाऊन संपवले मी."

सगळे हसले. कॅफेवाल्यानं रास्त मुद्दा काढला, की चुकून अडकवलेल्याला सौदा म्हणत नाहीत, आणि रिकामा डबा म्हणजे तर काहीच नाही. दिवा अजून बुंध्याशी होताच. नागराज अण्णाकडं वळला. मालक म्हणेल ते सरी, म्हणजे तेच बरोबर, म्हणाला. मी तोंड उघडणार होते, कारण अण्णासाठी बोलायची माझी जन्माची सवय. पण अण्णा पुढं झाला होता. त्यानं पिशवी उघडली, डबा काढला, झाकण उघडून आत बघितलं. स्टीलचा साधा डबा. कडेला एक मोहरी चिकटली होती.

"रिकामाच बरा," तो म्हणाला. "भरलेला असता तर मी काय केलं असतं त्याचं?"

मुग्धाला काही कळलं नाही. नागराजला कळलं, त्यानं तोंड फिरवलं. मी सतरंजी झटकायच्या निमित्तानं झाडामागं गेले आणि पदरात तोंड घालून रडून घेतलं. अण्णा तिला सांगत होता की सायकल तुझी, डबा माझा. दुसरा, भरलेला हवा असेल तर रविवारी येऊन घेऊन जा. मग सीट तिच्या उंचीला लावून दिली. कॅफेवाल्यानं दिवा उचलला, जरा वेळ हातात धरून उभा राहिला, आणि मग तिच्या सायकलीला लावून दिला. घेतलं काही नाही. म्हणाला, रात्री चालवणार असाल तर लागेल. मी त्याला मनातल्या मनात लावलेला सगळा बोल परत घेतला.

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखं जेवण घेऊन गेले तर जिन्यातच फोडणीचा वास. अण्णा अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलून उसळ करत होता. मला म्हणाला, तू कशाला आणलंस, आणि स्वल्प थांब, मीठ बघून जा. मला रागच आला. इतकी वर्षं मी रांधून घातलं त्याचं काही नाही, आणि ह्या कालच्या पोरीसाठी ओटा पुसून लखलखीत. मीठ बरोबर होतं. तेही सांगितलं नाही मी त्याला लगेच.

आता तो हेब्बाळला असतो. सामान लावताना पहिली बाहेर निघाली ती लोखंडी कढई, असं रणवीर सांगत होता. मुग्धा रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना हिरवी सायकल घेऊन येते, तिथल्या तळ्याकडच्या बाजूनं. गेटवर वॉचमन सायकल आत सोडत नाही, म्हणून अण्णाच खाली उतरतो. गेल्या रविवारी मी तिथं होते. तिनं आठवड्याचा रिकामा डबा त्याला दिला, त्यानं भरलेला पिशवीत घातला आणि डाव्या हँडलला अडकवला. पट्टा सरकवून त्या घासलेल्या जागेवर नीट बसवला. मुग्धानं पायडलवर पाय ठेवला.

"रिकामा आण," अण्णा म्हणाला.

तिला वाटलं डब्याबद्दलच सांगतायत. हो काका, म्हणाली, आणि घंटी वाजवून निघाली. अण्णा ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत गेटवर उभा होता. मग माझ्याकडं वळला आणि म्हणाला, चल राजी, आपलं ताट वाढतो, आज भाजीत गूळ जास्त पडलाय, काही बोलू नकोस.