तांदळाच्या डब्यातला पंप

लिहिण्यात चुका होतील, आधीच माफी मागते. अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. माझे नाव कुठे येऊ नये. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आताही आहे असे म्हणवत नाही.

आमचे घर मालवणच्या किनाऱ्याजवळ, माडांत. मला लहानपणापासून दमा. सातवा महिना चालू होता. घरात सर्दी-तापाची साथ आली, मलाही ताप भरला, छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते – दम्याचा पंप रोज घ्यायचा, ताप आला तर त्याच दिवशी यायचे. पण पंप जागेवर नाही. सासूला विचारले,

"आये, माझो पंप खंय?"

"माका काय ठावक? आणि पोटात पोर आसताना तां ओढू नको. पोराच्या छातीत जाता."

हे होडी घेऊन समुद्रात. शेजारीण काढा घेऊन आली आणि म्हणाली, कोणाची तरी दृष्ट लागली. झाले – सासूने निखाऱ्यांवर मीठ-मिरच्या टाकल्या. दमेकरी बाईच्या नाकाखाली मिरच्यांचा धूर. माझा जीव घुसमटला तर म्हणते, "ठसको लागलो म्हणजे दृष्ट नाय. दुसरा काय तरी आसा. नारळ उतरवया." मला 'पाणी' एवढाही शब्द पुरा बोलता येईना.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. कट्टा गावचा बाबल, ओळखीचा रिक्षावाला.

"वैनी, चला. तुमची आई इल्ली कट्ट्याच्या स्टँडार. म्हणाली, माझ्या चेडवाक हॉस्पिटलात घेवन जा, पंप तांदळाच्या डब्यात आसा. पैशे माझा चेडू देतला."

सासूचा चेहरा पडला. शेजारणीने डबा उघडून तांदळात हात घातला – पंप.

माझी आई मी दुसरीत असतानाच दम्याने गेली. हे घर तिने पाहिलेलेही नाही.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, मशीनने वाफ दिली, साथीच्या तापाच्या गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरीणबाई सासूला म्हणाल्या, "आईलाच श्वास मिळाला नाही तर बाळाला कुठून मिळणार?" पुढे मुलगी सुखरूप झाली.

नंतर बाबलला विचारले, दिसायला कशी होती? "बारीक. दोन पावला चलली की बसा होती. माझ्या नावार कोरी चाय घेतल्यान, मिरी घालून."

आई तशीच प्यायची. छाती मोकळी होते म्हणायची.

सासू शपथेवर सांगते, पंप डब्यात लपवल्याचे कोणालाच बोलले नव्हते. ह्यांनी रिक्षाचे भाडे दिले, पण चहाचे नाव काढले की, "भूत चाय पितला आणि पैशे मी देव?" आणि बाबल भेटला की, "वैनी, चायचे ऱ्हवले हां." मला तर आईचाही राग येतो. एवढ्या लांब कट्ट्याला चहा पीत बसली. त्यापेक्षा सरळ घरी आली असती, मला दिसली असती...

कोणी काही सांगा, मला अजून उलगडा झालेला नाही.

काल मुलीला घेऊन कट्ट्याला गेले. बाबलच्या हातात चहाचे पैसे ठेवले, मिरीच्या चिमटीसकट.

"फिटले मां?"

"फिटले, वैनी."