उत्तरेची गाडी

साऱ्या सृष्टीनं वेळेवर यावं, वेळेवर जावं आणि उशीर झालाच तर निदान कारण तरी कळवावं, अशी अपेक्षा ठेवणारा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका सेलूत आमच्या समोरच्या घरात राहतो. सारे त्यांना काकाजी म्हणतात. एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाड्या पुकारायची खोड काही गेली नाही. सकाळी फाटकाशी उभे राहून ओरडतात, "पळस निंगाला रे! संक्रांत नाई झाली अन् हा निंगाला!" होळीला फुलायचं झाड पौषातच फुललं याचा त्यांना राग असा, की जणू ड्रायव्हर सवाऱ्या न घेताच गाडी घेऊन पळालाय. मी एकदा विचारलं, "काकाजी, आता झाडाले मेमो द्याचा का?" तर म्हणाले, "तू हासून राह्यला. पन त्या फुलावर येनाऱ्या पाखराईले कोन सांगन, का गाडी गेली म्हनून?" मी आपला चहा प्यालो.

मोर हल्ली बसस्थानकामागच्या उकिरड्यावर चरतात, पावशा भर दिवाळीत 'पेरते व्हा' म्हणून कोकलतो आणि जंगलातला वाघ चक्क कपाशीतून ये-जा करतो. वाघाच्या या वागण्याला काकाजी 'मार्गबदल' म्हणतात. वाघाच्या धाकानं बाया कापूस वेचायला येईनात, तेव्हा हे शिट्टी घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दिवसभर वाजवत बसले. वाघ काही आला नाही. बाया मात्र शिट्टीला कंटाळून दुपारीच घरी गेल्या, आणि शेतमालक काकाजींशी महिनाभर बोलला नाही.

पण त्यांची खरी लाडकी गाडी उत्तरेची. म्हणजे हिमालयापलीकडून थंडीत आमच्या तलावावर उतरणारे नारिंगी चक्रवाक. ते आले, की काकाजी काकूंना घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जेवायला जात. भरीत, भाकर, ठेचा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासूनचा हा शिरस्ता. रजा कधी मिळाली नाही, म्हणून या माणसानं बायकोला दुसरीकडं कुठं नेलंच नव्हतं. अलीकडं पक्षी उशिरा यायला लागले, मग थोडे यायला लागले. यंदा माघ संपत आला तरी तलाव कोराच. आणि यंदाच काकूंची नजर जवळजवळ गेली. उरलासुरला उजेडही फार दिवस टिकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू रोज विचारायच्या, "आले का हो?" काकाजी म्हणायचे, "लेट हायेत."

मग एका सकाळी काकाजी रस्ता ओलांडून आमच्याकडं आले. "तुह्या गाडीत घेऊन चाल आमाले. आले म्हनून सांगतलं म्या तिले."

"खरंच आले?"

"चाल म्हनलं ना!"

तलावावर एक बगळा होता आणि दोन म्हशी. काकाजींनी काकूंना सतरंजीवर बसवलं आणि सुरुवात केली. "ते पाय, बेशरमाच्या झाडाइपाशी लई बसले. दोन इकडं येऊन राह्यले. नर पुढं, मादी मांगं." काय सांगू, इतक्या तपशिलानं सांगत होते, की मीही दोनदा तिकडं वळून पाहिलं. काकू मान किंचित तिरपी करून ऐकत होत्या. चक्रवाक म्हणजे काही गप्प बसणारी जात नव्हे, सारा तलाव डोक्यावर घेतात.

"आवाज काऊन नाई करून राह्यले हो?" काकूंनी विचारलं.

काकाजींनी बगळ्याकडं पाहिलं. "थकले असन," म्हणाले. "लांबून आले ना."

काकूंनी चाचपडत डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर भरीत घेतलं आणि आवाजाच्या रोखानं हात पुढं केला.

"मंग तुमी बी थकले असान," त्या म्हणाल्या. "बसा. जेवा आता."

काकाजी त्यांच्याजवळ बसले. मी उगीच गाडीचं चाक पाहायला गेलो.