चावी देताना चाची काय म्हणाली

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, मैत्रिणीजवळ नाही. आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं, तिच्यासमोर तर मी फक्त मान हलवली होती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. हे पहिलंच वाक्य मी कितीदा तरी खोडलं.

मी कमी बोलते. लहानपणापासूनच. मेहकरच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत व्हॅननं जायचे. तिथं इंग्रजी कमी पडायचं, घरी जानेफळला आल्यावर वऱ्हाडी कमी पडायची, म्हणून दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली. त्यातून एक गोष्ट कळली. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक खरं बोलणारा समजतात. का समजतात? कमी बोलणाऱ्याला काय खोटं बोलता येत नाही? पण समजतात खरे.

हे सगळं आत्ता वर आलं ते गेल्या महिन्यात. मी बुलढाण्यात एका खोलीत भाड्यानं राहते, एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. घरमालक काका वर आले आणि म्हणाले, भाचा येतोय, रविवारपर्यंत खोली खाली कर. मी दारातच उभी होते. आणि माझ्या तोंडून — माझ्या! — वाक्यं निघाली. असं काढता येत नाही काका. आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ताबा माझा आहे, कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुम्हाला कुलूप लावता येणार नाही. "वकिलीन हायेस काय वं तू?" काका म्हणाले, आणि पुटपुटत खाली गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही. माझ्या रूममेटनं टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

कारण ती वाक्यं माझी नव्हती. ती मी एका तरुण वकिलाच्या तोंडून ऐकली होती. तो ती माझ्या बाबांच्या विरोधात बोलत होता. आणि त्या खटल्यात तो हरला — माझ्यामुळे.

बघा, किती लांबून येतेय मी.

आमचं घर जानेफळला, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीला शटर आहे. त्या खोलीत रेहाना चाचीचं शिलाईचं दुकान होतं. माझ्या जन्माच्याही आधीपासून. चाची म्हणजे नात्यातली नव्हे, आम्ही सगळेच तिला चाची म्हणायचो. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. तिचा नवरा अर्धांगानं अंथरुणावर होता, दोन मुली होत्या, आणि ते घर त्या दोन मशिनींवर उभं होतं. पण ती रडकी नव्हती. मी शाळेतून आले की शटरमधूनच हाक मारायची, "काऊन वं, आवाज बँकेत ठेवला काय तुहा? याज तं येते का नाही त्याच्यावर?" बायका हसायच्या. मीही हसायचे, आवाज न करता.

भाड्याचा कागद कधी झाला नाही. चाचीनं मागितला नाही, बाबांनी केला नाही. आमच्याकडे कागद करू म्हणणं म्हणजे समोरच्यावर संशय घेतल्यासारखं. भाडं आईच्या हातात यायचं, आई ते डब्यात ठेवायची, पावती कसली? आणि आणखी एक रीत होती. गल्लीतलं कोणीही गावाला निघालं की चावी शेजारी देऊन जायचं. कोणी दूध घ्यायला, कोणी कुंड्यांना पाणी घालायला. चाची गावाला गेली की दुकानाची चावी आमच्याकडे असायची, कारण मागे कोणी शिवलेले कपडे न्यायला आलं तर द्यायला हवेत. बहुतेक वेळा चावी माझ्याच हातात यायची. मी इतकी वर्षं ती घेतली आणि परत दिली की त्यात काही विशेष असतं असं मला कधी वाटलंच नाही. तुम्हाला वाटलं असतं?

मग रस्ता मोठा झाला. चिखलीच्या एका माणसाला आमची पुढची खोली खतं-बियाण्यांच्या दुकानासाठी हवी होती. तो चाचीपेक्षा कितीतरी जास्त भाडं द्यायला तयार होता. बाबांनी चाचीला दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, मी कुठं जाऊ भाऊ, गिऱ्हाइक इथलं हाये. बाबा चिडले नाहीत. ते चिडत नाहीत, थांबतात.

मी बारावीला होते तेव्हा चाचीच्या बहिणीकडे जालन्याला लग्न निघालं. सकाळी ती नवा बुरखा घालून, पिशव्या घेऊन आली आणि माझ्या हातात चावी दिली. दुपारी बाबांनी चावी मागितली. मी दिली. विचारलं नाही कशाला. दादा आणि बाबांनी मिळून मशिनी मागच्या पडवीत आणून ठेवल्या, कापडं चादरीत बांधली, शटरला आपलं कुलूप लावलं. बाबांनी कात्रीसुद्धा नीट कागदात गुंडाळून ठेवली होती. मी खिडकीतून बघत होते. आई म्हणाली, ती परत आल्यावर काय सांगायचं? बाबा म्हणाले, "खोली सोडली तिनं. चाबी देऊन गेली ना."

चाची आली तेव्हा शटरवरचं नवं कुलूप तिनं हातात घेऊन पाहिलं. मग पडवीत येऊन मशिनींवरची धूळ ओढणीनं पुसली. कोणाशी भांडली नाही. सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं. पण ती वकिलाकडे गेली. गावात हे कोणाला खरंच वाटेना. भाडेकरीण बाई, तीही अशी, घरमालकावर केस करते? पण कायदा तसाच आहे. खोली कोणाची हा प्रश्नच नव्हता. मालकालाही भाडेकरूला असं परस्पर काढता येत नाही, कोर्टात जावं लागतं. आणि कागद नसला तरी इतक्या वर्षांचं दुकान हाच तिचा हक्क होता. कोर्टानं निकाल लागेपर्यंत जैसे थे म्हणून सांगितलं. खोली बंदच राहिली. चिखलीचा माणूस थांबायला तयार होता.

सगळं एका प्रश्नावर येऊन अडकलं. चाचीला काढलं, की ती स्वतः सोडून गेली? स्वतः चावी दिली असेल, तर ताबा सोडला. आणि चावी कोणाच्या हातात दिली होती?

आता मला त्या दिवसांत काय चाललं होतं ते सांगायला हवं. कारण म्हणून नाही. ते माहीत नसेल तर मी नक्की काय केलं ते तुम्हाला दिसणार नाही.

मी तोवर मेहकरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. घरात लोणारकडच्या एका स्थळाची बोलणी चालली होती. मला ते नको होतं. मी नको म्हणाले नव्हते — मी कधी काय म्हणाले होते? — पण एकदा जेवताना बाबांना विचारलं की बुलढाण्याला हॉस्टेलवर राहून पुढचं शिकले तर? बाबांनी हातातली भाकरी मोडली. मग म्हणाले, खोलीचं मार्गी लागलं, नवं भाडं सुरू झालं, की पाठवतो. स्थळाचं नंतर बघू.

म्हणजे त्या खोलीवर आता दोन बाया अवलंबून होत्या. एकीला त्यात आपला धंदा चालवायचा होता. दुसरीला त्याच्या भाड्यावर बाहेर पडायचं होतं.

आमचे वकील खूश होते. इंग्लिश मीडियमची, शांत, मान खाली घालून बोलणारी मुलगी. साधा ड्रेस घाल म्हणाले, वेणी घाल. बाबांनी मला एवढंच सांगितलं, "तुह्या हातात दिली ना तिनं चाबी? मंग तेवढंच सांग. खोटं काई बोलायचं नाही तुले." चाची चावी देताना काय म्हणाली, हे त्यांनी मला विचारलं नाही. एकदाही नाही. त्यांना माहीत करून घ्यायचं नव्हतं, असं मला आता वाटतं. पण ते त्यांचं. मी माझं सांगतेय.

कोर्टाची खोली मला वाटलं होतं त्याहून लहान निघाली. पंखा होता, पण वारा दुसरीकडेच जात होता. मी शपथ घेतली. आमच्या वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. चावी दिली? हो. स्वतःहून? हो. कोणी जबरदस्ती केली? नाही. सगळं खरं! अक्षर न् अक्षर खरं. मला हलकं वाटत होतं. असंच संपेल असं वाटलं.

मग चाचीचा वकील उठला. तरुण होता, काळा कोट त्याला खांद्यात मोठा होत होता. आधी तो न्यायाधीशांना ताब्याबद्दल, नोटिशीबद्दल काही सांगत राहिला. ती वाक्यं मी मन लावून ऐकली, हे तुम्हाला कळलंच आहे. मग माझ्याकडे वळून त्यानं अगदी सरळ विचारलं.

"चावी देताना त्या तुम्हाला काय म्हणाल्या?"

चाची मागच्या बाकावर होती. ती पुढे झुकली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट — हे लिहायला जड जातंय — सुटल्यासारखं काहीतरी होतं. आता पोरगी सांगेल, झालं, अशी ती बघत होती.

मी म्हणाले, "काही नाही."

"परत येते असं म्हणाल्या, हे खरं ना?"

"नाही. काही बोलल्या नाहीत."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "वादीने चावी देताना साक्षीदारास काहीही सांगितले नाही." माझं खोटं त्यांच्या तोंडी किती नीटनेटकं वाटत होतं. टाइप झालं, वाचून दाखवलं, मी सही केली. सही इंग्रजीत, वळणदार. शाळेत सरावानं बसवलेली.

चाची काय म्हणाली होती? ऐका. "परवा दोपारपरेंत येतो मी बेटा. पाटलीनबाईचा हिरवा बिलाउज खुट्टीले हाये, आली तं देजो. अन् मशिनीवर कपडा टाकून ठेवजो, उंदरं लय झाले." एवढं सगळं म्हणाली होती. सोडून जाणारी बाई उंदरांची काळजी करते का? यातलं पहिलं वाक्य जरी मी बोलले असते, तरी दुकान तिला परत मिळालं असतं. कायदा तिच्या बाजूनं होता. न्यायाधीश नीट ऐकत होते. वकिलानं योग्य तो प्रश्न विचारला होता. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त मी खरं बोलायचं होतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मी हॉस्टेलला गेले. लोणारचं स्थळ मागे पडलं. शिकले, नोकरी लागली, माझ्या नावाचं खातं आहे, माझ्या खोलीची चावी माझ्या पर्समध्ये असते. चाचीनं एक मशीन विकली. आता ती मेहकरला दुसऱ्याच्या दुकानात नगावर शिवते, सकाळी एसटीनं जाते. तिथं ती गिऱ्हाइकांशी बोलत नाही म्हणे, मालकाला आवडत नाही. हे आईनं फोनवर सांगितलं, दुसरं काही सांगता सांगता.

त्या दिवशी साक्ष संपल्यावर मी कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली उभी होते. बाबा वकिलांशी बोलत होते. चाची माझ्याकडे आली. वाटलं, आता ही मला मारेल, निदान थुंकेल. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मशिनीच्या तेलाचा वास होता.

"घाबरली तू," ती म्हणाली. "बापाच्या इरोधात कशी बोलशील. मले समजते बेटा."

मी मान हलवली. हो म्हणून.

पण मी घाबरले नव्हते. बाबा तेव्हा आत नव्हतेच, माझी साक्ष सुरू व्हायच्या आधी त्यांना फोन आला होता आणि ते बाहेर गेले होते. मला प्रश्न नीट कळला होता. चाचीचा शब्द न् शब्द मला आठवत होता. उत्तर द्यायच्या आधी मी हॉस्टेलचा विचार केला, मग मागच्या बाकावर बसलेल्या तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग बोलले.