तासाभराचं विमान

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते पावटे सोलायचं. लोणावळ्याजवळच्या औंढ्यात, आमच्या ओट्यावर, दिवे लागायच्या आधी. सोलता सोलता पोराचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा मालदीवला हॉटेलात स्वयंपाकी. कुसगावच्या हॉटेलात कांदे चिरत शिकला. नुकतीच त्याची लांबच्या बेटावर बदली झाली होती.

हिने विचारलं, "आता लय लांब गेलास का रं?"

"न्हाई गं आई. हितनं मोठ्या बेटावर तासाभराचं इमान. तितनं मुंबई तीन तास."

"एवढा येळ तर घाटात गाडी अडकली तरी जातो," ती मला म्हणाली. "तुमी उगाच लांब लांब करता."

सकाळी गोठ्यात शेण भरताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टरनं हात धरून बघितला आणि सोडून दिला.

पोराला फोन लावला. रडला, मग म्हणाला, "निघतो." मी तेवढंच ऐकलं. लोकांना सांगितलं, पोरगा दिवस मावळायच्या आत येतोय. शाळा फार नाही झाली माझी, पण तास आणि तीन तास एवढी बेरीज येते.

आमच्याकडं मढं घरात असेपर्यंत आळीत कुणी चूल पेटवत नाही. आता गॅस आले, तरी रीत तीच. बारकी पोरं बिस्किटावर होती. ऊन डोक्यावर आलं तसा उर्से गावचा माझा मेव्हणा बहिणीजवळनं उठला आणि मला बाहेर घेऊन आला.

"दाजी, कुटवर आलाय भाचा?"

"इमानात असंल."

"असंल म्हंजी? फोन लावा की."

लावला. पोरगा अजून त्याच बेटावर. सकाळचं विमान गेलेलं, दुसरं संध्याकाळी. तिथून मुंबईचं उद्या दुपारी.

"तासाचं म्हणालास ना?" मी ओरडलो.

"आबा, तो तास इमानात बसल्यावर."

हे मला कसं कळावं? आमची लोणावळ्याची जीप माणसं भरली की सुटते. दोन बेटांतलं अंतर तासाचं, म्हणजे माणूस निघाला की तासात पोचला, असंच मी धरून चाललो होतो.

"आईला उद्यापर्यंत ठेवा," पोरगा म्हणाला. "लोणावळ्यात बर्फाची पेटी मिळती."

"पेटी मी आणतो," मेव्हणा म्हणाला. "तुमी फक्त सांगा."

समोरच्या दारात साखरेचं दुखणं असलेली म्हातारी सकाळपासून उपाशी बसली होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"न्हाई ठेवायची," मी म्हणालो.

फोन चालूच होता. त्यातनं नुसता वारा ऐकू येत होता.

नदीवर अग्नी मीच दिला. परत आलो तर आळीत फोडणीचे वास सुटलेले. चूक कुणाचीच नव्हती, तरी त्या वासाचा मला राग आला. अजून येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भावकी राख सावडायला निघाली. तिसऱ्या दिवसाची वाट बघायला आता कुणाला सवड नाही, सगळ्यांना कामावर जायचं असतं. मी त्यांच्या आधी नदीवर गेलो. जागा अजून गरम होती. मेव्हणा पाण्याची कळशी घेऊन आला, ती मी त्याला खाली ठेवायला लावली.

"कुणी हात लावायचा न्हाई. तो आल्यावर."

"दाजी, त्याला रात हुईल."

"हुं दे."

थोडा वेळ थांबून सगळे गेले. मी कुत्री हाकलत तिथंच बसलो.