पिवळा रंग

आमच्या बोरीवलीच्या ऑफिसात नकाशे रंगवणारा तो गोराईचा. विरारपासून पनवेल-उरणपर्यंतचा सगळा पसारा त्याच्या स्क्रीनवर. खाड्या निळ्या, कांदळवन हिरवं, मोकळी जमीन पिवळी. "बोल, कुठलं गाव पाहिजे?" म्हणतो आणि कुठल्याही गावावर न शोधता बोट ठेवतो. डब्यात रोज आईने सुकवलेले बोंबील. वासाने कुणी नाक मुरडलं, तर मुद्दाम झाकण आणखी उघडं ठेवतो.

परवा त्याने त्यांच्याच वाडीचा किनारा पिवळा केला. मी उडालोच. तिथे बांबूंवर टांगलेल्या बोंबलांच्या शेजारी बसून मी त्याच्या आईच्या हातचा चहा प्यायलोय.

"अरे, ही मोकळी जमीन?"

"सर्व्हे पावसाळ्यात झाला. तेव्हा आम्ही बांबू काढून ठेवतो ना. त्यांना रिकामंच दिसलं."

"मग साहेबांना सांग ना!"

"सांगितलं. म्हणाले, आलंय तसं रंगव."

कडेला एक ठिपका पांढरा राहिला होता. त्याने तो मोठा करून पाहिला, नीट पिवळा केला. मग डबा माझ्याकडे सरकवला.

"घे. तुझ्यासाठी आईने आज जास्त दिलेत."