वार बघणाऱ्या मॅडम

बाळ रडलं की खोलीतली सगळी माणसं बाळाकडे वळायची. सेलूच्या आमच्या डॉक्टर मॅडम मात्र मागाहून पडणाऱ्या वारेची वाट बघत थांबायच्या. वार पडली की ती ट्रेमध्ये पसरून, धुऊन, बोटांनी कडा चाचपून बघायच्या. माझ्या जावेच्या बाळंतपणात मी हे स्वतः पाहिलं. "तुकडा आत राह्यला तं बाई रगत जाऊन मरते," एवढंच त्या म्हणाल्या. गावोगावच्या बायका त्यांना 'वारवाली मॅडम' म्हणत.

गोड बोलणं त्यांना जमत नसे. "सगळं चांगलं होईल" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. पण तपासायला आलेल्या प्रत्येकीला त्या समजावून सांगत. "गर्भ पिशवीच्या भिंतीत रुजते. त्याच्यातूनच एकीकडं लेकरू होते, एकीकडं वार. वारेची मुळं भिंतीत जातात, मंग तुह्या नसा रुंद होतात अन् रगत भरभरून येते. दोघांचं रगत मिसळत नाई. मधी बारीक पडदा राह्यते. त्यातून लेकराले हवा जाते, अन्न जाते, त्याची घाण तुह्याकडं येते." आम्ही वांगी-टमाट्याची रोपं लावणारी माणसं. रुजणं आम्हाला लगेच कळायचं.

माझ्या पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात पाय सुजले, बीपी चढलं. मॅडमनी गोळ्या दिल्या, आणि पोट वाढत नाही म्हणून वर्ध्याला दाखवायला पाठवलं. तिथे दोन दिवस ठेवून घेतलं, नसांतून बाळाकडे रक्त कमी जातंय म्हणाले आणि घरी सोडलं. आठव्यात एका सकाळी पोटात काहीच हललं नाही. मॅडमनी बराच वेळ ठोके शोधले. मग यंत्र बाजूला ठेवून म्हणाल्या, "लेकरू गेलं, बाई." दुसऱ्या दिवशी मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. त्याची नखं पूर्ण वाढलेली होती.

दाराबाहेर सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, "गिरानात भाजी चिरली हिनं. मी नको म्हनलं होतं." मी भिंतीकडे तोंड केलं. मलाही ते ग्रहणाचंच खरं वाटायला लागलं होतं.

मॅडमनी त्यांना आत बोलावलं आणि ट्रे पुढे धरला. "हे पाहा. एवढी लहान वार. हे पांढरे, घट्ट झालेले भाग दिसतात? इथं रगत पोचलंच नाई. मुळं पह्यल्या महिन्यांतच नीट खोल गेली नाई. गिरानानं नाई झालं हे."

"मंग काऊन झालं?"

"ते मलेबी ठाव नाई. वार लेकराचीच राह्यते, म्हणजे अर्धी तुमच्या पोराकडून आलेली. त्याचाबी दोष नाई, हिचाबी नाई."

सासूबाई ट्रेकडे बघत राहिल्या. मग माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "माह्येबी दोन गेलते. असेच. माह्या सासूनं मले वर्षभर चुलीपाशी येऊ देलं नाई." इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर ग्रहणाचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

पुढच्या खेपेला मॅडमनी तिसऱ्या महिन्यापासून रोज रक्त पातळ ठेवणारी एक बारीक गोळी दिली. "यानं होईलच असं नाई. पन घेत जाजो," म्हणाल्या. मी सहाव्यात असताना त्यांना लकव्याचा झटका आला. दवाखान्याला कुलूप लागलं. माझी मुलगी वर्ध्यात महिनाभर आधी, ऑपरेशनने झाली. लहानशी, पण रडली. वार नीट निघाली का, असं मी विचारलं तेव्हा तिथल्या नर्सला नवल वाटलं.

मुलगी चालायला लागल्यावर सासूबाई आणि मी तिला घेऊन पिपरी मेघेला मॅडमच्या बहिणीकडे गेलो. मॅडम खाटेवर होत्या. उजवी बाजू निकामी, बोलणं गेलेलं. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. सासूबाईंनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तिकडेही त्यांनी पाहिलं नाही.

मुलगी खाटेला धरून उभी होती. मॅडमनी डाव्या हाताने तिचा अंगठा धरला, नख दाबून पांढरं केलं आणि सोडलं. नखाखाली रक्त परत आलं, लाली भरली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. आम्ही निघेपर्यंत त्या तेवढंच करत होत्या.

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या.